शेअर आहे, पण विकता येत नाही

आदिवासींची कंपनी झाली तरी ती शेवटी नफ्यामागेच धावणार, असा एक आक्षेप असतो. अमेरिकेतल्या अलास्कात मात्र कायद्यानेच वेसण घातली आहे. १९७१ च्या कायद्याने तिथल्या मूळ रहिवाशांना सुमारे ४.४ कोटी एकर जमीन आणि ९६.२५ कोटी डॉलर मिळाले, तेही प्रादेशिक आणि गावपातळीवरच्या कंपन्यांमार्फत. नोंद झालेल्या प्रत्येकाला १०० शेअर. ते बाजारात विकायचे नाहीत, वारसांकडे जातात.

मला सगळ्यात भावते ती वाटणीची अट. लाकूड आणि जमिनीखालच्या खनिजांच्या उत्पन्नातले ७० टक्के सगळ्या १२ प्रादेशिक कंपन्यांत वाटायचे. म्हणजे वायव्येला इन्युपियाक लोकांच्या 'नाना' कंपनीच्या जमिनीवर, रेड डॉग खाणीत जस्त निघालं, की ज्यांच्या वाट्याला खनिज आलंच नाही त्यांच्यापर्यंतही पैसा पोचतो.

दुखणं वेगळंच आहे. १८ डिसेंबर १९७१ नंतर जन्मलेल्यांना सुरुवातीला शेअरच नव्हते. एकाच घरात थोरली भागधारक, धाकटा नाही! पुढे कायदा बदलला आणि निर्णय भागधारकांच्या मतावर सोडला. 'नाना', 'सीलास्का' यांसारख्या प्रादेशिक कंपन्यांनी नव्या पिढीला सामावून घेतलं. सगळ्यांनी नाही, आणि ते मला फार खटकतं.