सर्दीची गोळी घेऊन रात्री घाटात गाडी चालवावी का?

जुन्नरची_लेक:
माझा दादा टोमॅटोचा पिकअप घेऊन रात्री नारायणगावहून माळशेजमार्गे वाशी मार्केटला जातो. सध्या सर्दीने बेजार आहे, निघताना गोळी घेतो. म्हणतो, "झोप आली की चहा मारतो. पोलिसांच्या मशीनमध्येही काही येत नाही." गोळीचा परिणाम खरंच होतो का? आणि तो मोजतात कसा?

औषधदुकान_ओतूर:
ताई, आधी पाकिटावरचे घटक वाचा. क्लोरफेनिरामिन (आम्ही सीपीएम म्हणतो) असेल, तर ती गोळी घेऊन दादांना गाडी चालवू देऊ नका. सर्दीच्या बऱ्याच मिश्र गोळ्यांत ते असतं. आपल्याला जागं ठेवणाऱ्या मेंदूतल्या हिस्टामिनलाच ते अडवतं. पोलिसांचं मशीन श्वासातली दारू तेवढी पकडतं. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये दारूसोबत ड्रगही आहे.

माझ्याकडे संध्याकाळी ड्रायव्हर गाडी चालूच ठेवून उतरतात, "सर्दीचं काहीतरी द्या" म्हणतात. मी आधी विचारतो, रात्री गाडी आहे का? हो म्हटलं की सीपीएम देत नाही. भले गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जावो.

मोजणीचं म्हणाल, तर नेदरलँड्समध्ये खऱ्या हायवेवर चाचणी घेतात. ताशी 95 च्या वेगाने साधारण 100 किलोमीटर, शेजारी प्रशिक्षक, त्याच्या पायाशीही ब्रेक. कॅमेरा लेनच्या पट्टीपासूनचं अंतर सतत टिपतो आणि त्यावरून गाडी किती डुलते ते काढतात. एकदा औषध, एकदा तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. कधी कोणती, ते चालवणाऱ्याला कळू देत नाहीत. रक्तात 100 मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम दारू असताना डुलणं साधारण अडीच सेंटिमीटरने वाढतं. आपल्याकडची मर्यादा 30 आहे. औषधाचं डुलणं त्या अडीच सेंटिमीटरशी ताडून बघतात.

आता दादांच्या चहाबद्दल. अमेरिकेत आयोवाला सिम्युलेटरवर (रस्त्यावर न जाता गाडी चालवल्यासारखं करून दाखवणारं यंत्र) असाच अभ्यास झाला, 2000 साली प्रसिद्ध झाला. सीपीएमच्याच जातीच्या डायफेनहायड्रामिनने गाडीवरचा ताबा दारूपेक्षाही जास्त बिघडला. आणि आपल्याला किती झोप येतेय, यावरून ताबा किती सुटलाय याचा अंदाज नीट येत नव्हता. झोप जाणवायची वाट बघणं म्हणूनच धोक्याचं.

सकाळची_शाळा:
झोपेच्या गोळीचंही तेच. झोल्पिडेम बायकांच्या शरीरातून सावकाश बाहेर पडतं, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने 2013 मध्ये बायकांसाठी डोस 10 वरून 5 मिलिग्रॅमवर आणायला लावला. रात्री घेतलेली गोळी सकाळी स्कूटीवर असतानाही अंगात असू शकते.

जुन्नरची_लेक:
पाकीट पाहिलं, सीपीएम आहे. मग दुसरं काय द्यावं?

औषधदुकान_ओतूर:
ॲलर्जीची सर्दी असेल तर डॉक्टरांना फेक्सोफेनाडिनबद्दल विचारा. आयोवाच्या त्याच अभ्यासात ते घेतलेल्यांचं ड्रायव्हिंग बिनऔषधाच्या गोळीइतकंच चांगलं होतं. साधी सर्दी असेल तर वाफ आणि नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब. आणि आज रात्री दुसरा ड्रायव्हर मिळाला तर बघाच.

जुन्नरची_लेक:
चुलतभावाला फोन केलाय, तो येतोय.