मदत हवी आहे: एमजी जे२ च्या डायनॅमोत ऑइल उतरतंय

नमस्कार मंडळी, इंग्लंडात जुन्या गाड्यांवर काम करणारं कुणी आहे का इथे? माझ्याकडे १९३३ची एमजी जे२ ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे, अ‍ॅबिंग्डनला बनलेली, ८४७ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर, गाडी एवढीशी पण चालवताना जीव हरखून जातो. प्रॉब्लेम असा की या इंजिनात डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारं जनित्र) पुढे उभा बसवलेला असतो आणि त्याच्याच शाफ्टमधून बेव्हल गिअरने (तिरप्या दात्यांच्या गिअरने) वरच्या कॅमशाफ्टला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला, ड्राइव्ह जातो, त्यामुळे हेडमधलं (इंजिनाच्या वरच्या भागातलं) ऑइल सील ओलांडून सरळ खाली डायनॅमोत उतरतं, ब्रश, कॉम्युटेटर (डायनॅमोतली वीज बाहेर नेणारे भाग) सगळं तेलकट आणि चार्जिंग बंद. या इंजिनाची ही जुनीच खोड आहे, तरी डिझाइन मला फार आवडतं. आता मूळ पद्धतीचंच सील ठेवू की मॉडर्न लिप सील (शाफ्टला घट्ट टेकणारी लवचिक कड असलेलं) बसवून घेऊ? कुणी बसवलं असेल तर ते टिकलं का? दुसरं म्हणजे डायनॅमो काढला की कॅमचा ड्राइव्हच सुटतो, मग कपलिंगवर आधी खुणा करून ठेवल्या तर पुरतं का, की व्हॉल्व्ह टायमिंग (व्हॉल्व्ह कधी उघडायचे-मिटायचे याचा मेळ) पुन्हा पहिल्यापासून लावावंच लागतं? मूळ पार्ट शक्यतो जपायचेत, म्हणून विचारल्याशिवाय स्पॅनर लावत नाहीये. फोटो हवे असतील तर टाकतो.