पैसे छोट्या कलाकारापर्यंत पोचतील असं ऐकायचंय, काय करावं? सुचवा

रियाज_चालू:
मंडळी, सल्ला हवाय. मी महिन्याला स्ट्रीमिंगचं सबस्क्रिप्शन भरतो, दिवसभर कानात काही ना काही चालूच असतं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त अशा लोकांचं जे स्वतःच लिहितात, स्वतःच रेकॉर्ड करतात आणि स्वतःच अपलोड करतात. दोन गोष्टी डोक्यात घोळतायत. एक म्हणजे माझे पैसे या लोकांपर्यंत पोचतात का, आणि नसतील तर कसे पोचवायचे. दुसरं, माझ्या जुन्या प्लेलिस्टमधली काही गाणी आता करडी दिसतात, नाव आहे पण दाबलं तर वाजत नाही, ती अशी हातची जाऊ नयेत म्हणून काय करता येईल. सबस्क्रिप्शनच्या वर थोडा खर्च करायची तयारी आहे. चोरीच्या डाउनलोड साइट्स कृपया सुचवू नका, मूळ मुद्दाच पैसे पोचण्याचा आहे. जाणकारांनी जरा सविस्तर लिहा.

मंद्र_सप्तक:
फार चांगला प्रश्न. आधी पैसे जातात कसे ते सांगतो म्हणजे पुढचा सल्ला पटेल.

बहुतेक मोठ्या सेवांमध्ये सगळ्यांची सबस्क्रिप्शनं आणि जाहिरातींचे पैसे एकाच गल्ल्यात पडतात. त्यातला साधारण तिसरा हिस्सा कंपनी ठेवते आणि उरलेला हक्कधारकांमध्ये वाटला जातो, तोही एकूण वाजलेल्या गाण्यांत कुणाचा वाटा किती या हिशेबाने. म्हणजे तुम्ही महिनाभर एकाच सरोदवादकाला ऐकलंत तरी तुमच्या पैशाचा मोठा भाग जी गाणी जगभर सगळ्यात जास्त वाजली त्यांच्याकडेच जातो. शिवाय एका गाण्याचे हक्क दोन असतात, एक रेकॉर्डिंगचा आणि दुसरा शब्द-चालीचा, दोन्हींचे पैसे वेगवेगळ्या वाटांनी जातात आणि वाटेत लेबल (म्हणजे रेकॉर्ड कंपनी), डिस्ट्रिब्युटर, पब्लिशर आपापलं काढून घेतात.

स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद ऐकलं तर एक स्ट्रीम धरतात, आणि २०२४ पासून ज्या गाण्याला मागच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीम मिळालेले नाहीत त्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. तुम्ही म्हणता तसल्या लोकांना याचाच सगळ्यात जास्त फटका. साउंडक्लाउड या दुसऱ्या स्ट्रीमिंग सेवेने २०२१ मध्ये वेगळी पद्धत आणली, त्यात ऐकणाऱ्याचे पैसे त्याने ज्यांना ऐकलं त्यांच्यातच वाटतात, मला हेच न्यायाचं वाटतं. पण सुरुवातीला ती त्यांच्याकडच्या स्वतंत्र कलाकारांपुरतीच होती.

माझा सल्ला असा की स्ट्रीमिंग बंद करू नका, नवं काही सापडायला ते उत्तमच आहे. पण जे अल्बम तुम्ही परत परत लावता ते विकत घ्या. कलाकार जिथे स्वतःचं संगीत थेट विकतात ती बँडकॅम्प साइट बघा, डिजिटल विक्रीवर त्यांचा वाटा १५ टक्के आणि टीशर्ट, रेकॉर्ड वगैरे वस्तूंवर १० टक्के, पेमेंटचं शुल्क वेगळं. २०२० च्या मार्चपासून ठरावीक शुक्रवारी ते आपला वाटा सोडून देतात, खरेदी त्या दिवसासाठी राखून ठेवा. बऱ्याच अल्बमना किमान किंमत असते आणि वर हवे तेवढे देता येतात, मी नेहमी थोडे वर देतो.

जुनी_कॅसेट:
मंद्र, माहिती पक्की आहे, पण स्ट्रीमिंगला एकट्याला दोषी धरू नये असं मला मनापासून वाटतं. ज्यांना तो काळ आठवतो त्यांना माहितीये. १९९९ ला नॅपस्टर हे फुकट गाणी वाटून घ्यायचं सॉफ्टवेअर आलं, २००१ ला कोर्टकचेऱ्यांत बंद पडलं, पण तोवर गाणं फुकट असतं हे एका अख्ख्या पिढीच्या अंगवळणी पडलं होतं. २००३ ला आयट्यून्स स्टोअरने ९९ सेंटला एक एक गाणं विकायला काढलं, लोकांनी घेतलंही, पण त्याने अल्बम फुटला, दहातली दोन गाणी विकली जायची आणि बाकी आठांना कुणी विचारायचं नाही. विक्री वर्षानुवर्षं घसरतच गेली आणि २०१४ च्या सुमारास तळ गाठला. तिथून वर आणलं ते सबस्क्रिप्शननेच. २०२३ ला जगभरातलं रेकॉर्डेड संगीताचं उत्पन्न २८.६ अब्ज डॉलर होतं आणि त्यातलं ६७.३ टक्के स्ट्रीमिंगचं. म्हणजे पैसा परत आला, वाटप चुकतंय. म्हणून सबस्क्रिप्शन भरताय ते भरत राहा, फुकटच्या जाहिरातवाल्या प्लॅनवर जाऊ नका, त्यात दर स्ट्रीममागे अजूनच कमी सुटतं.

रात्रपाळी:
+१. बँडकॅम्पला अनुमोदन.

फाइल_जपणारी:
करड्या गाण्यांचं मी सांगते, हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. गाणं करडं होतं कारण त्या सेवेकडे असलेला परवाना संपतो, किंवा लेबल बदलतं, किंवा कलाकार स्वतः काढून घेतो. २०२४ च्या सुरुवातीला युनिव्हर्सल ही मोठी रेकॉर्ड कंपनी आणि टिकटॉक यांचं बोलणं फिसकटलं तर त्यांच्या सगळ्या कलाकारांची गाणी तिथून गेली, मे मध्ये करार झाल्यावर परत आली. इतक्या मोठ्या लोकांचं असं होतं तर छोट्यांचं काय घेऊन बसलात. आणि अपलोड केलं म्हणजे जपलं असंही नाही हो, २०१९ मध्ये मायस्पेस या जुन्या सोशल साइटने जाहीर केलं की सर्व्हर हलवताना २००३ ते २०१५ मधलं संगीत गेलं, पाच कोटींच्या वर गाणी होती ती. कित्येक होतकरू बँडची पहिली रेकॉर्डिंग्ज तिथेच होती, दुसरी प्रत कुठेच नाही. मला अजूनही त्याचं वाईट वाटतं.

तर विकत घेतलं की लगेच डाउनलोड करा आणि फ्लॅक या फाइल-प्रकारात करा. त्यात काही गळत नाही आणि पुढे त्यातून एमपी३ कधीही बनवता येते, उलटं जमत नाही. घरात सीडी असतील तर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या प्रोग्रॅमने काढून घ्या, ओरखडे असले तरी ते परत परत वाचून बघतं. नावं, वर्ष, कव्हर लावायला म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हा प्रोग्रॅम आहे, फुकट आहे आणि बहुतेक अल्बम आपणहून ओळखतं. मग दोन प्रती ठेवा, एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या ड्राइव्हवर, आणि तो ड्राइव्ह कायम जोडून ठेवू नका.

रियाज_चालू:
वा, दोघातिघांनी डोळे उघडले, मनापासून आभार! ताई, फ्लॅक घेतलं तर माझ्या ब्लूटूथ हेडफोनवर फरक कळेल का? आणि ते हाय-रेझ (सीडीपेक्षा वरच्या दर्जाचं) म्हणून जास्त पैशाला देतात ते घ्यावं का?

फाइल_जपणारी:
ब्लूटूथवर नाही कळायचा. फोन आवाज पाठवताना तो बहुतेकदा परत दाबूनच (कॉम्प्रेस करून) पाठवतो, एसबीसी किंवा एएसी अशा पद्धतींनी. फ्लॅक घ्यायचं ते जपायला. ऐकायचंच असेल नीट तर वायरवाला हेडफोन लावा. हाय-रेझला माझ्या मते पैसे घालू नका, सीडीचं १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झ कानाला पुरतं, त्या पैशात अजून एक अल्बम येईल.

बेसवाला:
मी वाजवणारा माणूस आहे, म्हणून आमच्या बाजूने दोन शब्द. पैशाइतकंच आम्हाला हवं असतं ते तुमच्याशी थेट नातं. ॲपवर फॉलो केलंत तरी तुम्हाला काय दाखवायचं ते अल्गोरिदम ठरवतो. त्यापेक्षा कलाकाराच्या स्वतःच्या साइटवर ईमेल देऊन ठेवा, नवा अल्बम आला, कार्यक्रम ठरला की थेट कळतं. आणि कार्यक्रमाला या, जमलं तर तिथेच काहीतरी विकत घ्या.

अजून एक, गाणं पूर्ण ऐका. हे ऐकायला साधं वाटतं पण ३० सेकंदांच्या त्या नियमामुळे गाण्याचा आकारच बदलत चाललाय. स्टुडिओत बसल्यावर पहिली सूचना येते ती इंट्रो काप, मुखडा पुढे घे, नाहीतर लोक स्किप करतील. मागच्या एका गाण्यात सुरुवातीला नुसता बेस आणि ब्रशने वाजवलेला ड्रम होता, हळूहळू गिटार यायची, तो भाग ठेवावा म्हणून आम्ही अक्षरशः भांडलो. ठेवला. त्या गाण्यातली ती माझी सगळ्यात आवडती जागा आहे. तुमच्यासारखे ऐकणारे आहेत म्हणून असं भांडायचं बळ येतं.

मंद्र_सप्तक:
बेसवाला दादा, त्या गाण्याची लिंक टाका ना इथे, नियमात बसत असेल तर.

रियाज, यांच्या बोलण्यावरून आठवलं, अल्बम घेतलात की सोबत पीडीएफ पुस्तिका असेल तर ती उघडून बघत जा. स्ट्रीमिंगवर वादकांची नावं बहुतेकदा नसतातच किंवा कुठेतरी आत दडलेली असतात. पुस्तिकेत बेस कुणी वाजवला, मिक्सिंग कुणी केलं, सगळं असतं. मग त्या वादकाचं नाव घालून शोधायचं, त्याचा स्वतःचा एखादा अल्बम निघतोच, आणि तो तुम्हाला आवडायची शक्यता ॲपने सुचवलेल्यापेक्षा बरीच जास्त. मला गेल्या काही वर्षांत जे उत्तम सापडलंय ते जवळपास सगळं याच वाटेने.