गेम करायला पहिली कॉम्प्युटरची लँग्वेज कुठली? आमच्या बेळगावातल्या अनगोळच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ए-२०२: नमस्कार. जरा विचारायचं होतं. आमचा मोठा यंदा सातवीत गेला. आजवर मोबाईलवर गेम खेळायचा, आता म्हणतोय मला स्वतःचा गेम करायचाय. टिळकवाडीत एका क्लासला चौकशी केली. आधी सी, मग सी प्लस प्लस, मग जावा अशा लँग्वेज, आणि गेम सगळ्यात शेवटी म्हणाले. फी पंधरा हजार. घालू काय?

बी-३०४: काकू, सी बरोबर आहे. आम्हाला इंजिनिअरिंगला पहिल्या वर्षी सीच होतं. बेसिक पक्कं होतं.

सी-१०१: वहिनी, पैसे भरू नका अजून. रात्री सविस्तर लिहितो.

ए-४०२: करंट फक्त आमचाच गेलाय की सगळ्यांचा?

सेक्रेटरी: सगळ्या गल्लीचा गेलाय. पावसानं फांदी पडली आहे, माणसं आली आहेत.

सी-१०१: हां वहिनी, आता लिहितो. सातवीच्या पोराला पहिली लँग्वेज अशी द्या की चूक झाली तर ती त्याला डोळ्यांनी दिसली पाहिजे. सी मध्ये चूक झाली की काळ्या खिडकीत इंग्रजीची एक ओळ येते आणि पोरगं तिथंच अडकून बसतं. सी ही डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवली, युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिता यावी म्हणून. फार चांगली भाषा आहे, माझं पोट अठरा वर्षं तिच्यावरच चाललंय. खरं तिच्यात नुसता एक गोल काढायचा तरी वेगळी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, जोडावी लागते. क्लासमध्ये पहिले दोन महिने मूळ संख्या शोधण्यात आणि चांदणीच्या (*) चिन्हांचे त्रिकोण छापण्यात जातात. गेम करायच्या हौसेनं आलेलं पोरगं तोवर कंटाळून घरी बसतं. मी अशी चार-पाच पोरं बघितली आहेत, वाईट वाटतं.

त्याला स्क्रॅच द्या. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबनं २००७ मध्ये ते सगळ्यांना खुलं केलं. एक पैसा लागत नाही. ब्राउझरमध्ये चालतं, आणि लॅपटॉपवर उतरवून घेतलं तर नेट नसलं तरी चालतं. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. जो ठोकळा तिथं बसत नाही तो बसतच नाही, त्यामुळे कंस राहिला, अर्धविराम राहिला ही कटकट नाही. चुका होतात त्या विचारातल्या, आणि शिकायच्या त्याच असतात.

आमच्या मुलीचं सांगतो. गेल्या पावसाळ्यात आपला जिना गळत होता आणि वॉचमननं बादली ठेवली होती, आठवतंय ना? तिनं त्याचाच गेम केला. वरून थेंब पडणार, खाली बादली डावी-उजवीकडे सरकवायची, थेंब झेलला की एक गुण. चालू करून बघितलं तर एका थेंबाला आठ-नऊ गुण! कॉम्प्युटर चुकतोय म्हणाली. मी उत्तर दिलं नाही. थेंब हळू पाड आणि बघ, एवढंच म्हटलं. हळू पाडला तर गुण वीसच्या वर. मग बराच वेळ गप्प बसली आणि एकदम म्हणाली, "बाबा, तो सारखा सारखा विचारतोय!" खरोखर तसंच आहे. स्क्रॅच सेकंदाला तीस वेळा पडदा नव्यानं काढतो. तिच्या ठोकळ्यांत दर वेळी प्रश्न होता, थेंब बादलीला टेकलाय का? थेंब बादलीवरून सरकून जाईपर्यंत उत्तर 'हो'च येणार, आणि प्रत्येक 'हो'ला एक गुण. तिनं टेकल्याबरोबर थेंब परत वर पाठवला, वाय (उंचीचा आकडा) १८० वर, म्हणजे पडद्याच्या वरच्या टोकाला, आणि गुण बरोबर पडायला लागले. लूप (तेच परत परत करणं), अट (असं असेल तरच), व्हेरिएबल (बदलता आकडा ठेवायची जागा) असे शब्द मी तिला नंतर सांगितले, गोष्ट तिला आधीच कळली होती.

ए-२०२: भाऊजी, हे फार बरं झालं. लॅपटॉप जुना आहे, ४ जीबीचा. चालेल?

सी-१०१: आरामात. मोबाईलवर मात्र नको, पडदा लहान पडतो. तयार झालेला गेम मोबाईलवर खेळता येतो, तो आजीला पाठवायचा.

बी-१०२: आमची पाच वर्षांची आहे, तिला?

सी-१०१: स्क्रॅच ज्युनिअर. वाचता येत नसलं तरी चालतं. टॅबवर.

बी-३०४: काका, ते लहानांचं झालं. मलाही गेम करायचाय. मी काय करू? युनिटी हे गेम करायचं सॉफ्टवेअर घालू?

सी-१०१: तुझ्या लॅपटॉपवर युनिटी उघडेपर्यंत चहा होईल बघ. आणि त्याची लँग्वेज सी शार्प शिकता शिकता त्या एवढ्या खिडक्याही शिकाव्या लागतात. तू पायथन ही लँग्वेज घे, त्यावर पायगेम ही गेमची लायब्ररी. लिहायला थॉनी, एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात केलेलं, पायथन त्याच्याबरोबरच येतं. ओळ-ओळ चालवून व्हेरिएबल कसं बदलतं ते त्यात दिसतं. आणि तुझं सी वाया जात नाही. पायगेम ज्या एसडीएल नावाच्या लायब्ररीवर उभं आहे ती सी मध्येच लिहिलेली आहे. बादलीचाच गेम कर, नवीन काही शोधू नको.

ए-४०२: माझा भाचा निपाणीला असतो, तो जावास्क्रिप्ट म्हणतो. जावा आणि हे एकच काय?

सी-१०१: नाही, नावाशिवाय काही नातं नाही. भाचा चुकीचं सांगत नाही. जावास्क्रिप्ट १९९५ पासून ब्राउझरमध्ये आहे, वेगळं काही घालावं लागत नाही आणि लिंक पाठवली की मित्र लगेच खेळतात. दहावीच्या पुढच्या पोरांना ही हौस मोठी असते. खरं ती चुका पोटात घालते. नाव चुकीचं टाईप केलं तरी कधीकधी काही न बोलता पुढं जाते, म्हणून पहिली म्हणून मी पायथनच सांगेन.

बी-२०१: आपल्या पोरांना काय हो, शाळेत कन्नड, घरात मराठी, पुस्तकं इंग्रजी. एक लँग्वेज आली की दुसरी येईल की.

सी-१०१: होय की काकू. म्हणूनच पहिलीचा एवढा घोर नको.

(शनिवार)

बी-३०४: काका, पायगेम झालं. थेंब खालून वर जायला लागलेत आणि गोळीसारखे जायला लागलेत. 😅

सी-१०१: छान, दोन्ही चुका दिसल्या ना? स्क्रॅचमध्ये शून्य पडद्याच्या मधोमध असतं आणि वर जाताना वाय वाढतो. पायगेममध्ये शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात, आणि वाय खाली जाताना वाढतो. वजा काढ, अधिक कर. वेगाचं म्हणशील तर तू लूपला थांबायलाच सांगितलं नाहीस, मशीन जमेल तेवढं पळतंय. पायगेमचं क्लॉक घे आणि त्याच्या टिकला ६० दे, म्हणजे लूप सेकंदाला साठापेक्षा जास्त वेळा फिरणार नाही.

बी-३०४: झालं! मम्मीचे २१ गुण.

(रविवार)

ए-२०२: भाऊजी, आमच्याचा स्क्रॅचवर झाला. गुणही बरोबर पडतात. खरं गेम अवघड करायला म्हणून त्यानं थेंबाचा वेग खूप वाढवला, तर आता थेंब बादलीतून आरपार जातोय, गुण मिळतच नाही. रडकुंडीला आलाय.

सी-१०१: उत्तर सांगू नका त्याला. बादलीची उंची किती, थेंबाची किती, आणि थेंब एका वेळी किती खाली येतो, तिन्ही आकडे कागदावर लिहायला सांगा.

ए-२०२: बादली ४०, थेंब १०, एका वेळी ६०.

ए-२०२: थांबा, तोच टाईप करतोय.

ए-२०२: काका मी आहे. थेंब बादलीला टेकतच नाही, वरून उडी मारून पलीकडे जातोय. मी ६० एकदम न करता १० सहा वेळा करतो आणि दर वेळी विचारतो.