नांगर दिसला म्हणून शिरस्त्राण १९४१ चे ठरत नाही

जुने_पोलाद: काल ‘घाटमाथा’ यांनी एका राखाडी इटालियन शिरस्त्राणाची छायाचित्रे देऊन लिहिले की, पुढे जहाजाचा नांगर, म्हणजे नौदलाची खूण, रंगवलेला आहे आणि आजोबा तेव्हा इटलीच्या ताब्यात असलेल्या एरिट्रियात लढले होते, तेव्हा ही वस्तू १९४१ साली मासावाच्या नौदल तळावरून आली आहे. त्याखाली अभिनंदनांची रांग लागली आणि एकानेही प्रश्न विचारला नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

एम-३३, म्हणजे या नमुन्याचे इटालियन पोलादी शिरस्त्राण, तीसच्या दशकात आले आणि युद्ध संपल्यावरही इटलीत कित्येक दशके वापरात राहिले. १९४६ साली राजेशाही गेली, ‘रेजिया मारिना’ या शाही नौदलाचे नाव बदलले, नांगर मात्र तसाच राहिला. त्यामुळे राखाडी रंग आणि नांगर एवढ्यावरून युद्धकालीन कवच (शिरस्त्राणाचा पोलादी भाग) कोणते आणि नंतरचे कोणते, हे सांगता येत नाही. शिवाय स्टेन्सिल आणि रंग आज कोणालाही मिळतात.

खरी साक्ष आत असते. दोन बाजूंस आणि मागे मिळून जे तीन पोकळ रिवेट असतात, ते हवा खेळवतात आणि अस्तरही धरून ठेवतात. त्यांच्यावर रंग सलग चढला आहे की कडेने चिरला आहे, अस्तराच्या चामडी पाकळ्यांखाली, जिथे नंतरचा ब्रश सहसा पोहोचत नाही, तिथे कोणता रंग आहे, आणि कडेच्या आत मापाचा व कारखान्याचा ठसा आहे का, यांपैकी एकही गोष्ट छायाचित्रांत दिसत नाही.

घाटमाथा: हे शिरस्त्राण आम्ही बाजारातून घेतलेले नाही. माझे आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते आणि मार्च १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनला लढले. लहानपणी आम्ही यात भुईमुगाच्या शेंगा भरून ठेवत असू. ज्या माणसाने ते समुद्रापलीकडून घरी आणले, त्याच्या शब्दावर कोणी ठशाच्या नावाने शंका घ्यावी, हे मला सहन होत नाही. आणि रंग पाहण्यासाठी मी रिवेट उचकटणार नाही.

जुने_पोलाद: रिवेट उचकटा असे मी कुठेही म्हटलेले नाही. पाकळी बोटाने उचलून टॉर्च धरली की पुरे. आजोबांच्या शौर्याबद्दल मला आदर आहे, पण केरेन डोंगरात आहे आणि २७ मार्चला पडले, तर समुद्रकाठचे मासावा ८ एप्रिलला पडले. केरेनला लढलेल्या माणसाजवळ मासावाची वस्तू कशी आली, याचे उत्तर कथेत नाही.

सह्यकडा: येथे एक गोष्ट दोघांच्याही नजरेतून सुटली आहे. हीच बटालियन पुढे इटलीतही लढली. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो वरच्या टायबर खोऱ्यात, याच बटालियनमध्ये. मग शिरस्त्राण इटलीतूनच आले नसेल कशावरून? आमच्याकडे मराठा सैनिकाचा विषय निघाला की सर्वांना केरेन आठवते आणि इटलीतील डोंगरांत गेलेली माणसे कोणालाच आठवत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

घाटमाथा: आजोबा इटलीत होते, हे खरे आहे. मासावाचे नाव काकांनी सांगितले होते. आजोबांच्या तोंडून मी ते ऐकलेले नाही.

तांबेरा: मग ज्या शब्दासाठी आपण एवढे रागावलात, तो आजोबांचा नव्हताच.

एक विनंती आहे. पाकळीखाली कोणताही रंग निघाला, तरी तो घासू नका. माझ्याकडच्या कवचावर राखाडी थराखाली काहीतरी आहे असे वाटून मी थिनर लावला, आणि खालचा नांगर वरच्या रंगासकट फडक्यावर आला. सान मार्को या इटालियन नौदलाच्या पायदळ तुकडीचे नौसैनिक जमिनीवर करड्या-हिरव्या गणवेशात लढत. तो नांगर त्यांच्यापैकी कोणाचा होता का, हे आता कधीच कळणार नाही.

घाटमाथा: टॉर्च धरून पाहिले. पाकळ्यांखाली करडा-हिरवा रंग आहे आणि राखाडी थर अस्तराच्या कडेशी थांबतो. म्हणजे कवच आधी हिरवे होते आणि अस्तर बसवलेले असतानाच राखाडी झाले, इतके मान्य करावे लागते. पण ते नौदलानेच युद्धात रंगवले नसेल, हेही यावरून सिद्ध होत नाही. आणखी एक गोष्ट आहे. १९५२ साली झालेल्या आत्याच्या लग्नाचे छायाचित्र आज काढून पाहिले. ओसरीच्या खुंटीला हेच शिरस्त्राण अडकवलेले आहे.

जुने_पोलाद: हे आपण पहिल्याच दिवशी द्यायला हवे होते. छायाचित्रावर साल लिहिलेले असेल, तर कवच १९५२ पूर्वी आपल्या घरात होते, हे मी मान्य करतो, आणि नंतरच्या काळातील विक्रीची वस्तू असावी हा माझा अंदाज मागे घेतो. नांगर दिसतो का?

घाटमाथा: पुढची बाजू भिंतीकडे आहे.

जुने_पोलाद: मग कवचाचा काळ आणि नांगराचा काळ वेगळे लिहा. मासावा आणि १९४१, दोन्ही शीर्षकातून काढा, आणि ते छायाचित्र मोठे करून येथे लावा. छायाचित्र कृष्णधवल असले, तरी कवचाची छटा शेजारच्या एखाद्या ओळखीच्या वस्तूशी ताडून पाहता येईल.

घाटमाथा: मासावा काढतो. १९४१ बद्दल आधी काकांशी बोलेन.