पीतज्वराची लस घेतलेल्या माणसाला चावलेला डास बाळाला चावला तर?

प्रश्न (वाघबीळ, ठाणे):
माझे दीर नोकरीनिमित्त केनियाला जाणार असून त्यांनी परवा पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस घेतली. ही लस जिवंत, पण दुर्बल केलेल्या विषाणूची असते, असे समजले. काल आमच्या तुळशीच्या कुंडीखालच्या ताटलीत अळ्या वळवळताना दिसल्या. पायांवर पांढरे पट्टे असलेले डास घरातही आहेत. असा डास आधी दिरांना आणि नंतर माझ्या आठ महिन्यांच्या मुलीला चावला, तर लशीतला विषाणू तिच्यापर्यंत पोहोचेल का?

प्रतिसाद (नेरूळ):
ताई, शंका रास्त आहे. पीतज्वर पसरवणारा एडिस इजिप्ती हाच डास आपल्याकडे डेंग्यूही पसरवतो. मात्र डासाची सोंड म्हणजे इंजेक्शनची सुई नव्हे. रक्ताबरोबर पोटात गेलेला विषाणू आधी डासाच्या आतड्याच्या पेशींत वाढावा लागतो, तिथून निसटून लाळग्रंथींपर्यंत पोहोचावा लागतो, आणि साधारण आठ-दहा दिवसांच्या या प्रवासानंतरच तो पुढच्या चाव्यातून लाळेवाटे बाहेर पडतो. विषाणूशास्त्रज्ञ मॅक्स थायलर यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेला, १९३७ मध्ये जाहीर झालेला १७डी हा लशीचा विषाणू उंदराच्या व कोंबडीच्या भ्रूणपेशींत दोनशेहून अधिक वेळा वाढवलेला होता, आणि त्या ओघात डासाच्या आतड्यातून पुढे सरकण्याची त्याची क्षमताच गेली. शिवाय लस घेतलेल्याच्या रक्तात तो थोडेच दिवस आणि अत्यल्प प्रमाणात असतो. मुलीची काळजी करू नका.

प्रतिसाद (ऐरोली):
सर्वच जिवंत लशींबाबत असे म्हणता येईल का?

प्रतिसाद (नेरूळ):
नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवे. घोड्यांना होणाऱ्या व्हेनेझुएलन मेंदूज्वरावरील टीसी-८३ या लशीचा विषाणू १९७१ मध्ये अमेरिकेतील लुईझियानात डासांमध्ये सापडला होता. त्याचे दुर्बलत्व मुख्यतः दोनच जनुकीय बदलांवर टिकून आहे; ते उलटले तर विषाणू पुन्हा प्रबळ होऊ शकतो, म्हणून ती नोंद अधिक गंभीर मानावी लागते. डासांतून पसरणाऱ्या रोगावर जिवंत लस बनवताना ती डासांत वाढते का, हे तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते.

प्रतिसाद (कळवा):
ताई, ताटली नुसती ओतून भागणार नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेपाशी कडेला चिकटतात, कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी मिळताच फुटतात. कडा काथ्याने खरवडून धुवा. लशीच्या विषाणूची नसली, तरी डेंग्यूची भीती आहेच.