टोमॅटोच्या फळांचे तळ काळे पडत आहेत : रोग आहे की निगेतली चूक?

प्रश्न

माझ्याकडे टोमॅटोची सहा झाडे असून प्रत्येक झाड साधारण १० लिटरच्या कुंडीत आहे आणि सर्वांना दिवसाचे सात-आठ तास थेट ऊन मिळते. रोपे जोमाने वाढली आणि पहिल्या घोसांना फळेही भरपूर धरली. परंतु फळ लिंबाएवढे झाले की देठाच्या विरुद्ध टोकाला पाण्याने भिजल्यासारखा डाग दिसतो आणि काही दिवसांत तो काळा, चामड्यासारखा व खोलगट होतो. बुरशी असावी असे समजून मी दोन वेळा बुरशीनाशक फवारले, त्याचा काहीही उपयोग झाला नाही. शिवाय खालची पाने वरच्या बाजूला वळून द्रोणासारखी झाली आहेत आणि वरच्या घोसांतली फुले देठासकट गळत आहेत. हा संसर्ग असेल तर उरलेली झाडे वाचवण्यासाठी काय करावे? पाणी रोज सकाळी प्रत्येक कुंडीला एक तांब्या घालते.

प्रतिसाद १

सर्वप्रथम बुरशीनाशक थांबवावे, कारण तुम्ही वर्णन केलेला डाग बुरशीचा नाही. याला ब्लॉसम एंड रॉट म्हणतात. फळ वाढत असताना त्याच्या टोकाकडील पेशींना पुरेसे कॅल्शियम पोहोचले नाही, तर तिथल्या पेशी कोलमडतात आणि तो भाग काळा पडतो. हा संसर्ग नव्हे, त्यामुळे तो एका झाडावरून दुसऱ्यावर जात नाही.

याचा अर्थ मातीत कॅल्शियम कमी आहे असा मात्र लगेच काढू नये. बहुतेक वेळा ते मातीत असते, पण फळापर्यंत जात नाही. कॅल्शियम मुळांनी शोषलेल्या पाण्याबरोबर वर चढते आणि जिथून बाष्पीभवन जास्त तिकडे, म्हणजे पानांकडे, ओढले जाते. फळातून बाष्पीभवन फारच कमी होत असल्याने त्याच्या वाट्याला थोडेच येते, आणि एकदा पानात बसलेले कॅल्शियम तिथून निघून फळाकडे जात नाही. त्यामुळे माती कधी कोरडी तर कधी चिंब राहिली, की पहिला फटका फळाच्या टोकाला बसतो. फांद्या आणि पाने झपाट्याने वाढवणारा युरियासारखा नत्राचा जादा डोसही हेच करतो. अंड्याची टरफले घालण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल. ती कुजायला फार वेळ लागतो, या हंगामातील फळांना त्यांचा आधार मिळणार नाही.

फळे धरलेल्या मोठ्या झाडाला कडक उन्हात एक तांब्या पाणी पुरत नाही. कुंडीच्या तळातून पाणी निथळेपर्यंत सावकाश घाला, मातीवर दोन इंच वाळलेल्या पानांचे आच्छादन घाला आणि उन्हाचा कडाका असेल तेव्हा संध्याकाळी पुन्हा बोट खुपसून ओल तपासा. डाग पडलेली फळे बरी होत नाहीत, ती तोडून टाकावीत म्हणजे झाडाची ताकद पुढच्या फळांना मिळेल. पुढच्या वेळी किमान २० लिटरची कुंडी घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. छोट्या कुंडीत ओल टिकवणे ही रोजची झुंज असते.

प्रतिसाद २

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण पानांबद्दल थोडे वेगळे सांगायचे आहे, कारण ‘पाने वळली’ या दोन शब्दांत निरनिराळे आजार लपलेले असतात. खालची, जुनी पाने जाड होऊन वरच्या बाजूला गुंडाळली गेली, पण रंगाने हिरवीच राहिली, तर ते उष्णता, पाण्याचा ताण किंवा जास्त छाटणी यांमुळे झाडाने केलेले स्वसंरक्षण असते. त्याने फारसे नुकसान होत नाही. शेंड्याची नवी पाने लहान, कडेने पिवळी व वर वळलेली असतील आणि झाडाची वाढ खुंटली असेल, तर मात्र पांढऱ्या माशीने पसरवलेल्या विषाणूचा, म्हणजे पर्णगुच्छाचा संशय घ्यावा. खालच्या पानांवर एकात एक वर्तुळे असलेले तपकिरी ठिपके दिसले तर तो करपा. अशी पाने काढून टाकावीत आणि पाणी पानांवर न घालता बुंध्याशी घालावे. कृपया शेंडे आणि पानांची मागची बाजू पाहून कळवा.

प्रतिसाद ३

फुलगळीविषयी लिहितो. दिवसाचे तापमान ३५ अंश सेल्सियसच्या आसपास जाऊ लागले किंवा रात्रही उबदार राहिली, की परागकण निकामी होतात आणि फळ न धरलेले फूल गळते. टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागांनी फलित होते, त्यामुळे दुसरे झाड लागत नाही. मात्र पराग मोकळे व्हावे म्हणून हालचाल लागते. सकाळी उशिरा, फुले उघडी आणि कोरडी असताना घोसाच्या देठावर बोटाने हलकेच टिचकी मारावी. दुपारच्या तीन तासांपुरती विरळ सावलीची जाळी लावली तरी फरक पडतो.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. आज कुंडीत बोट घातले, तर वरचा थर ओला आणि खाली माती ठणठणीत कोरडी निघाली. पाणी कुंडीच्या कडेने सरळ खाली उतरत होते. पाच झाडांचे शेंडे निरोगी आहेत, सहाव्याचे मात्र चुरडलेले व पिवळट आहेत. त्या झाडाला धक्का लावताच बारीक पांढरे कीटक उडाले.

प्रतिसाद २

ते सहावे झाड, कितीही जीव लावला असला, तरी काढून टाका, कारण विषाणूवर औषध नाही आणि तेवढ्या वेळात माशी तो शेजाऱ्यांना पोहोचवेल. सकाळच्या थंडाव्यात माश्या सुस्त असतात, तेव्हा झाडावर पिशवी चढवून मगच उपटावे. बाकी पाच झाडांच्या पानांच्या मागच्या बाजूला सौम्य साबणाचे पाणी संध्याकाळी फवारा आणि पिवळे चिकट सापळे शेंड्याच्या उंचीवर टांगा.

प्रतिसाद १

कोरडी झालेली माती पाणी झिडकारते, म्हणून एकदा कुंड्या पाण्याच्या टबात अर्धा तास ठेवून माती खालून भिजू द्या, नंतर बाहेर काढून पूर्ण निथळवा. त्यानंतर धरणारी फळे पाहा. सध्या वाटाण्याएवढी असलेली काही कदाचित डागाळतील, तेवढ्यावरून उपाय चुकला असे समजू नका, कारण कॅल्शियमची तूट फळ अगदी लहान असतानाच पडते.